वॉर्डात आपण किती? मतदार यादीपासून पार्षदाच्या खुर्चीपर्यंत, इंदूरच्या दिव्यांगांसाठी

6 जुलै 2022 ला नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, मतदानाला गेले तेव्हा आमच्या बूथला चार पायऱ्या होत्या आणि रॅम्प नव्हता. दोन पोलिसांनी मला व्हीलचेअरसकट उचललं. माणसं भली होती. पण तेवढ्यात एका कार्यकर्त्याने फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मला कोणी विचारलं नव्हतं. महिनाभराने नव्या पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे, रॅम्पचा अर्ज घेऊन गेले. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, अर्ज नीट वाचला आणि विचारलं, "मावशी, आपल्या वॉर्डात तुमच्यासारखे आहेत तरी किती?"

मला सांगता आलं नाही. रामबागेतल्या दोन बायका, जेल रोडवरचा एक अंध मुलगा, एवढीच नावं आठवली. राग आला, पण त्या प्रश्नात खोट नव्हती. पार्षद माणसं मोजूनच कामं ठरवतो. आपण मोजले गेलेलो नाही, म्हणून आपलं काम कोणाच्या यादीत येत नाही.

अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना स्थानिक संस्थांमध्ये राखीव जागा आहेत. मध्य प्रदेशात तर नगर निगमच्या निम्म्या जागा महिलांच्या. दिव्यांगांसाठी लोकसभेत, विधानसभेत किंवा इंदूरच्या 85 वॉर्डांत एकही जागा राखीव नाही. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के दिले, सभागृहात काही नाही. तेव्हा आपली वाट मतदार यादीतून, बूथवरून आणि वॉर्डातूनच जाते. गेल्या तीन-चार वर्षांत त्या वाटेवर जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आधी कागद

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर तिथून सुरुवात करा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी मेडिकल बोर्ड करतं. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता आहे. थॅलेसेमिया, सिकल सेल, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्याच्या जखमा हेही त्यात येतं. आपल्याकडे पुष्कळांना अजून वाटतं की कुबडी किंवा पांढरी काठी असेल तरच माणूस दिव्यांग. 40 टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सोयी मिळतात. कार्ड तीन रंगांत येतं: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 पासून पुढे निळं. नाव आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) आणि मतदार कार्डावर एकाच तऱ्हेने लिहिलेलं हवं. "कुलकर्णी"च्या तीन कार्डांवर तीन स्पेलिंग असली की पुढचे सहा महिने चकरा मारण्यात जातात.

यादीत नाव आहे, पण नोंद आहे का?

सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडेच होतं.

मतदार यादीत नाव असणं वेगळं आणि त्या नावापुढे दिव्यांग अशी नोंद असणं वेगळं. नोंद असेल तर निवडणूक कार्यालयाला कळतं की अमुक बूथवर व्हीलचेअर लागणार आहे, अमुक घरी टपाली मताचा फॉर्म द्यायचा आहे. नोंद नसेल तर तुम्ही त्यांच्या हिशोबात धडधाकट. 2024 च्या लोकसभेच्या वेळी देशभरात अशी नोंद असलेले मतदार सुमारे 88 लाख होते. 2011 च्या जनगणनेत दिव्यांगांचा आकडा 2 कोटी 68 लाख होता, त्यात मध्य प्रदेशातले साडेपंधरा लाख. जनगणनेत लहान मुलंही धरलेली असतात हे मान्य. तरी तफावत केवढी आहे ते दिसतंच.

नोंद करायला फॉर्म 8 लागतो. पत्ता बदलायला, चूक दुरुस्त करायला जो फॉर्म भरतो तोच. त्यात दिव्यांग म्हणून नोंद करण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. नवीन मतदार असेल तर फॉर्म 6 मध्येच ती माहिती भरायची. फॉर्म मतदार पोर्टलवर भरता येतो, निवडणूक आयोगाच्या सक्षम ॲपवर भरता येतो, किंवा कागदावर भरून बीएलओच्या, म्हणजे आपल्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, हातात देता येतो. सक्षम ॲप स्क्रीन रीडरला चालतं, आणि त्याच ॲपवरून मतदानाच्या दिवसासाठी व्हीलचेअरची मागणीही नोंदवता येते. काही अडलं तर 1950 वर फोन करा. ऑनलाइन भरलात तर संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, कागदावर दिलात तर पोच घ्या. पोच मागताना संकोच करू नका, मी पहिल्यांदा केला होता आणि फॉर्म पुन्हा भरावा लागला.

घरात सतरा वर्षांचं मूल असेल तर त्याचा फॉर्म 6 आगाऊ भरता येतो. आता वर्षातून चार पात्रता तारखा असतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर.

आणखी एक. नोव्हेंबर 2025 पासून मध्य प्रदेशात मतदार यादीचं विशेष सघन पुनरीक्षण झालं, घरोघरी फॉर्म वाटले गेले. जे त्या दिवसांत दवाखान्यात होते, मुलाकडे पुण्याला गेले होते, किंवा ज्यांच्या घरी फॉर्म आला पण वाचून दाखवायला कोणी नव्हतं, त्यांनी नाव आणि नोंद दोन्ही पुन्हा तपासून घ्यावं. "गेल्या वेळी मत दिलं होतं की" यावर विसंबू नका.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आईवडिलांसाठी

सुदामा नगरात एका काकूंनी मला सांगितलं, "त्याचं नाव कशाला घालायचं, त्याला कळत नाही." मुलगा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, भाजी आणायचा, सुटे पैसे मोजून घ्यायचा. कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे: 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 16 नुसार मानसिक अस्थिरतेमुळे नाव वगळायचं असेल तर सक्षम न्यायालयाने तसं घोषित केलेलं असावं लागतं. डॉक्टरचं निदान, डाऊन सिंड्रोमचं प्रमाणपत्र, बीएलओचा अंदाज किंवा शेजाऱ्यांचं मत यांतलं काहीही त्यासाठी पुरत नाही. खासदार-आमदारांच्या अपात्रतेलाही संविधानाने हीच कसोटी लावली आहे. कृपा करून आपल्या मुलांची नावं घाला. त्या मुलाने 2024 ला मत दिलं. काकू बाहेर उभ्या होत्या आणि आत काय झालं ते त्याने त्यांना सांगितलं नाही. मत गुप्त असतं म्हणाला.

घरून की बूथवर?

40 टक्के किंवा जास्त दिव्यांगता असेल तर विधानसभा-लोकसभेला घरून टपाली मत देता येतं. 85 च्या वरच्या ज्येष्ठांनाही तीच सोय आहे. त्यासाठी फॉर्म 12-डी. निवडणुकीची अधिसूचना निघाली की पाच दिवसांत तो पोचायला हवा, आणि हे पाच दिवस फार लवकर संपतात. बीएलओ फॉर्म आणून देतो, पण तो येईल म्हणून थांबू नका, स्वतः फोन करा. मग ठरलेल्या दिवशी पथक घरी येतं, चित्रीकरण होतं, तुम्ही आडोशाला मत नोंदवता. तुम्ही घरी सापडला नाहीत तर आणखी एकदाच येतात. एकदा हा पर्याय मंजूर झाला की बूथवर जाऊन मत देता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

माझं मत विचाराल तर ज्याला जमतं त्याने बूथवर जावं. रांगेत दिसलो की रॅम्पची गरज दिसते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाने स्वतःला दोष देत बसायचं काही कारण नाही. घरून दिलेलं मत तेवढंच मोजलं जातं.

इथे पुष्कळांची गफलत होते ती सांगते. नगर निगमची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निर्वाचन आयोग घेतो. आयोग वेगळा, नियम वेगळे. 2024 ला घरी पथक आलं म्हणून पार्षदाच्या निवडणुकीलाही येईल असं धरून चालू नका. पाच वर्षांचा कार्यकाळ धरला तर इंदूरचं पुढचं मतदान 2027 मध्ये आहे. कोणकोणत्या सोयी देणार हे विचारणारं पत्र भोपाळला राज्य आयोगाकडे आणि प्रत मोती तबेल्याला जिल्हा निर्वाचन कार्यालयात आत्ताच द्या.

बूथ आधी पाहून या

2016 च्या दिव्यांगजन कायद्याचं कलम 11 सांगतं की प्रत्येक मतदान केंद्र दिव्यांगांना वापरता येण्याजोगं असावं आणि निवडणुकीचं साहित्य त्यांना समजेल अशा रूपात मिळावं. हे एका दिवसात मिळालेलं नाही. 2004 मध्ये दिव्यांग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा बूथवर लाकडी रॅम्प लावण्याचे आदेश निघाले. आज आपल्याला निदान रॅम्प मागता येतो, तो त्यामुळे.

मतदानाच्या महिनाभर आधी, शाळा चालू असताना, मोजपट्टी घेऊन बूथवर जा. रॅम्पचं प्रमाण 1:12. म्हणजे एक फूट चढायचं असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या म्हणजे बारा फूट! आमच्या चार पायऱ्यांना चोवीस फूट लागतात, आणि शाळेच्या फाटकापासून भिंतीपर्यंत जागा होती अठरा. म्हणून तिथे रॅम्प मागण्यात अर्थच नव्हता, खोलीच बदलून मागायला हवी होती. मागच्या बाजूच्या वर्गाला एकच पायरी होती. मोजमाप केलं नसतं तर आम्ही भलतीच मागणी करत बसलो असतो. फळी टाकून केलेला खडा उतार म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावरून खुर्ची मागे उलटते.

दाराची रुंदी मोजा. नळ आणि संडास पाहा, कारण रांगेत दोन तास गेले तर कॅथेटरवाल्या माणसाचे हाल होतात. रिक्षा कुठपर्यंत येते ते पाहा. कमी दिसणाऱ्यांसाठी खोलीत उजेड किती आहे ते बघा. फोटो, मापं आणि बूथ क्रमांक लावून अर्ज द्या. मध्य प्रदेशात मंगळवारी कलेक्टोरेटला जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, असते, तिथे दिलेल्या अर्जाची नोंद होते. 181 ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहेच. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे असायला हवेत, नुसत्या शिफारशी असून भागणार नाही. अर्जात हे एक वाक्य घाला.

मतदानाच्या खोलीत

दिव्यांगांना रांगेत प्राधान्य आहे, ते मागून घ्या. यंत्राच्या निळ्या बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात. ब्रेल वाचणाऱ्याने आधी ब्रेलमधली नमुना मतपत्रिका मागायची, उमेदवाराचा क्रमांक पाहायचा आणि मग यंत्रावर तो आकडा बोटाने शोधायचा.

मदतनीस हवा असेल तर निवडणूक नियमांतला नियम 49-एन वाचून जा. ज्याला दिसत नाही किंवा बटण दाबता येत नाही तो आपल्या पसंतीचा सोबती आत नेऊ शकतो. सोबती 18 वर्षांचा हवा, एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, आणि गुप्तता पाळण्याचं लेखी द्यावं लागतं. तुम्हाला चिन्ह ओळखता येतं आणि बटण दाबता येतं, फक्त चालायला आधार लागतो, तर सोबती पडद्यापर्यंतच येतो. "मी दाबून देतो" असं बूथवरचा कोणी कर्मचारी म्हणाला तर ठाम नकार द्या. ते त्याचं काम नाही. आणि सोबती म्हणून नेहमी घरातला कर्ता पुरुषच न्यायला हवा असंही नाही. मैत्रिणीला न्या.

एक उणीव अजून तशीच आहे. मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण अंध मतदाराला ती वाचता येत नाही. बाकी सगळे आपलं मत पडताळून पाहतात, त्याला ते करता येत नाही. ही मागणी प्रत्येक जाहीरनाम्यात गेली पाहिजे.

कर्णबधिर मंडळींनी नाव, अनुक्रमांक आणि "मला ऐकू येत नाही, लिहून सांगा" असं लिहिलेला कागद जवळ ठेवावा.

वॉर्डाची वही

पार्षदांच्या त्या प्रश्नानंतर मी दोनशे पानी वही आणली. नाव, गल्ली, दिव्यांगतेचा प्रकार, यादीत नोंद आहे की नाही, बूथ क्रमांक, आणि सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा रकाना: अडचण काय.

माणसं कुठे सापडतात? आपल्या मराठी घरांची मोठी सोय म्हणजे मंडळं. गणेशोत्सवाच्या वर्गणीला जाणारी मुलं प्रत्येक दार ओळखतात. भगिनी मंडळातल्या बायकांना कोणाच्या घरी कोण आतल्या खोलीत असतं ते ठाऊक असतं. पण आपल्याच मंडळात थांबू नका. वॉर्डात सिंधी, माळवी, मुस्लिम, सगळी घरं असतात, आणि मोजणी फक्त मराठी घरांची झाली तर ती वॉर्डाची मोजणी नव्हे. मी दुसऱ्या वर्षी हे सुधारलं, तेव्हा वही दुप्पट भरली.

परवानगी घेतल्याशिवाय नाव लिहू नका. लग्नाची मुलगी आहे म्हणून काही आईबाप नको म्हणतात, तिथे जबरदस्ती करू नका, नुसता आकडा लिहा. वही कोणत्याही पक्षाच्या हातात द्यायची नाही. बाहेर द्यायचा तो आकडा आणि अडचणींची बेरीज.

आमच्या वहीत आज 63 नावं आहेत. घरातली मतं धरली तर दोनशेच्या पुढे जातात. वॉर्डाची निवडणूक थोडक्या मतांनी फिरू शकते, हे उमेदवाराला आपण सांगायची गरज पडत नाही.

उमेदवारासमोर

तिकिटं जाहीर होण्याआधी जा, नंतर कोणाला वेळ नसतो. सगळ्या पक्षांना एकच पत्र, एकाच दिवशी. "दिव्यांगांसाठी काहीतरी करा" असं लिहिलं की हार आणि एक व्हीलचेअरवाटपाचा कार्यक्रम मिळतो. मागण्या मोजता येतील अशा ठेवा: अमुक झोनल कार्यालयाची खिडकी तळमजल्यावर आणा, अमुक चौकातल्या फुटपाथला उतार करा, वॉर्डसभेत दुभाषा ठेवा, सार्वजनिक शौचालयातली एक खोली रुंद दाराची करा. 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या या शहरात कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक दारापर्यंत पोचते, म्हणजे नगर निगमला दार माहीत आहे. त्या दारातून खुर्ची बाहेर कशी पडेल ते विचारा.

सभेला बोलावलं तर आधी विचारा की स्टेजला रॅम्प आहे का. नसेल तर वक्त्याला खाली यायला सांगा. आम्ही एकदा सांगितलं, आले.

भाषणात कोणी "लंगडं सरकार", "आंधळा-बहिरा विरोधी पक्ष" म्हणालं तर सोडून देऊ नका. डिसेंबर 2023 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना असे शब्द टाळण्याच्या सूचना दिल्या आहेत. आणि दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर दिव्यांगजन कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नेमणुकीच्या जागा

निवडून न येताही काही दारं उघडतात. नगर निगमवर राज्य सरकार अनुभवी नागरिकांना एल्डरमन म्हणून नेमतं. त्यांना मताचा हक्क नसतो, पण सभागृहात बोलता येतं. दिव्यांगजन कायद्याच्या कलम 66 खाली राज्य सल्लागार मंडळ आहे, 72 खाली जिल्हा समिती. तुमच्या जिल्ह्याच्या समितीत कोण आहे आणि बैठक शेवटची कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तिथून सुरुवात केलेली बरी. बैठक कशी चालते, ठराव कसा लिहितात, हे तिथे हात बसतो.

शेजारच्या छत्तीसगडने पंचायतीत दिव्यांग सदस्य नेमण्याची तरतूद केली. तमिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये शहरी आणि ग्रामीण दोन्ही संस्थांसाठी तसा कायदा मंजूर केला. युगांडाच्या संसदेत दिव्यांगांच्या पाच जागा आहेत. भोपाळच्या आमदारांना पत्र लिहिताना ही उदाहरणं पुरेशी आहेत. नेमणूक म्हणजे निवडणूक नव्हे, आणि नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघून बोलतो हा धोका खरा आहे. तरी रिकाम्या खुर्चीपेक्षा ते बरं, असं मला वाटतं.

स्वतः उभं राहायचं तर

आपल्याच राज्यात यमुना प्रसाद शास्त्री होऊन गेले. दृष्टी गेलेले शास्त्रीजी 1977 मध्ये रीव्याच्या महाराजांना हरवून लोकसभेत गेले आणि 1989 मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांच्याही आधी, 1953 च्या पोटनिवडणुकीत, कलकत्त्याचे साधन गुप्ता हे देशाचे पहिले अंध खासदार झाले. पोलिओ झालेले जयपाल रेड्डी अनेक वर्षं केंद्रात मंत्री होते. एकही जागा राखीव नसताना ही माणसं पोचली. पण इतक्या वर्षांत बोटांवर मोजता येतील इतकीच पोचली, तेही लक्षात असू द्या.

पार्षद व्हायला वय 21 पूर्ण हवं, आमदार व्हायला 25. विधानसभेची अनामत 10,000 आणि लोकसभेची 25,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातींना निम्मी, दिव्यांगांना सवलत नाही. प्रचाराचा खर्च आपल्याला जास्त येतो: गाडी, सोबती, दुभाषा. ब्रिटनने 2012 ते 2015 या काळात दिव्यांग उमेदवारांना याच कामासाठी निधी दिला होता. आपल्याकडे तो मागायला हवा. तोवर वॉर्डातल्या पन्नास घरांकडून थोडं थोडं जमवा आणि पै-पैचा हिशोब ठेवा.

उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवसावर टाकू नका. दिसत नसेल तर शपथपत्र दोन वेगवेगळ्या माणसांकडून पूर्ण वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा द्या. एका रकान्यातली चूकही अंगाशी येते. निर्वाचन अधिकाऱ्याची खोली कोणत्या मजल्यावर आहे ते आदल्या दिवशी पाहून या.

वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली की त्याच आठवड्यात बसून विचार करा. महिला वॉर्ड आला तर पक्षाला उमेदवार शोधावीच लागते, आणि पुष्कळदा कोणाची तरी बायको किंवा सून उभी केली जाते. तिथे आपल्यातल्या एखादीचं नाव, हातात वही आणि मागे तीन वर्षांचं काम घेऊन गेलं तर ते नाकारणं सोपं नसतं. आमच्या वॉर्डातली अंध शिक्षिका सध्या दर रविवारी माझ्याबरोबर घरं फिरते. वहीतली नावं तिने ब्रेलमध्ये उतरवून घेतली आहेत. मला वही उघडावी लागते, ती गल्ली सांगितली की घरं सांगते.